“आई, मी लिंगाण्याला जाऊ?”

मैत्रिणींनो, शुक्रवारी रात्री मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली यांतल्या कुठल्याही स्टेशनवर पाच मिनिटं उभ्या राहा. पाठीवर मोठी पिशवी, पायात मळके बूट आणि पिशवीला बाहेरून लटकवलेलं हेल्मेट अशी मुलंमुली घोळक्यानं निघालेली दिसतील. आपण मनात म्हणतो, “काय बाई यांचे आईबाप! पाठवतात तरी कसे?” आणि मग एक दिवस आपल्याच घरातलं पोर तशीच पिशवी भरायला काढतं.

माझी लेक नोकरीला लागून वर्ष झालं होतं. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते, तर ती शेजारी येऊन बसली. न सांगता दोन जुड्या निवडून दिल्या, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी मागणं आहे.

“आई, मी पुढच्या महिन्यात लिंगाण्याला जाऊ?”

मी ताबडतोब “नाही” म्हटलं. “का?” असं तिनं विचारलं, तेव्हा मात्र मला उत्तर देता येईना. खरं सांगायचं तर लिंगाणा कुठं आहे हेही मला धड ठाऊक नव्हतं. सासूबाई आतून म्हणाल्या, “लग्न व्हायचंय पोरीचं, हातपाय मोडून घेतलेन् म्हणजे?” आणि आमचे हे नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात डोकं घालून म्हणाले, “तुझी आई काय म्हणते ते बघ.” म्हणजे निर्णय माझ्यावरच!

हाच प्रसंग तुमच्यावर आज ना उद्या येणार. म्हणून मी काय केलं, काय शिकले आणि तुम्ही काय विचारून घ्यावं, हे सगळं इथं सांगते.

लिंगाणा आहे तरी काय?

रायगड आणि तोरणा यांच्या मधोमध, सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून जरा सुटून उभा असलेला हा एक सुळका. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे तीन हजार फूट. पुण्याच्या बाजूनं मोहरी या लहानशा गावापर्यंत गाडी जाते. तिथून बोराट्याची नाळ नावाच्या दगडगोट्यांनी भरलेल्या अरुंद घळीतून खाली उतरायचं, मग एका खिंडीत यायचं आणि खिंडीतून वर पाहायचं. समोर सुमारे हजार फुटांचा उभा कातळ! शिवकाळात इथं कैदी ठेवीत. दोर-शिड्या काढून घेतल्या की कैद्याला पळायला वाट म्हणून उरत नसे. वर खोदलेल्या गुहा आहेत, पाण्याची टाकी आहेत.

एके काळी तिथं मुरलेले गिर्यारोहक तेवढे जात. आता सुट्टीच्या दिवशी पैसे घेऊन लोकांना नेणारे गटही जातात. म्हणूनच आपण आयांनी जास्त जागरूक असायला हवं.

माथ्यावरून समोर दिसतो तो रायगड. हो, आपल्या हिरकणीचा रायगड! तान्ह्या बाळाच्या ओढीनं अंधारात कडा उतरून गेलेल्या गवळणीची गोष्ट आपण प्रत्येकीनं लेकरांना सांगितलेली आहे. दंतकथाच ती, पण गंमत पाहा, बाळासाठी कडा उतरणाऱ्या बाईचं आपण कौतुक करतो, आणि हौसेनं कडा चढू म्हणणाऱ्या मुलीला “हे काय भलतंच” म्हणतो. हा विचार मनात आला आणि मी जराशी वरमले. लेकीला म्हटलं, “थांब. ‘हो’ही नाही नि ‘नाही’ही नाही. आधी मला बघू दे.”

अंधेरीतला कातळ

बघायचं म्हणजे काय, तर पहिल्यांदा तो दगडच पाहायचा. त्यासाठी लांब जायला नको. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. आजूबाजूला इमारती, दुकानं, रिक्षांची गर्दी, आणि मधूनच सुमारे दोनशे फुटांचा काळा कातळ सरळ वर गेलेला! जवळ जाऊन निरखलंत तर दिसेल, तो अखंड गुळगुळीत नाही; उभे खांब एकमेकांना चिकटवून ठेवावेत तसा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेला तप्त लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या. तळ्यातला चिखल वाळला की जशा भेगा पडतात, तसंच काहीसं. अमेरिकेत ‘डेव्हिल्स टॉवर’ नावाचा असाच खांबांचा प्रचंड कातळ आहे आणि तो पाहायला जगभरचे लोक जातात. आपला मात्र दगडखाणींनी चहूबाजूंनी कोरून काढला. 2007 साली महापालिकेनं त्याला वारसा-वास्तूचा दर्जा दिला. माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे आणि वर जायला पायऱ्या आहेत.

लिंगाणाही याच जातीच्या काळ्या दगडाचा, बसाल्टचा. हा दगड कठीण असतो, पण त्याला भेगा असतात, थर असतात, आणि काही थर ठिसूळ असतात. हाताला घट्ट वाटलेली कपारही सुटून येऊ शकते. “म्हणून आम्ही प्रत्येक दगड आधी थोपटून बघतो, आई,” लेक म्हणाली. “नारळ घेताना तू वाजवून बघतेस ना, तसं. पोकळ आवाज आला की त्याला धरायचं नाही.” हे मात्र मला चटकन कळलं!

रविवारी डबा घेऊन मुंब्र्याला

पुढच्या रविवारी मी तिच्याबरोबर मुंब्र्याच्या डोंगरात गेले, पोळीभाजीचा डबा घेऊन. तिथल्या खडकांवर ही मंडळी सराव करतात. बोरिवलीच्या कान्हेरीचे खडकही असेच. मुंबईच्या गिर्यारोहकांच्या कितीतरी पिढ्या तिथं हात घासून शिकल्या. मात्र कान्हेरी राष्ट्रीय उद्यानात येते आणि लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तेव्हा परवानगीशिवाय तिथं दोर लावू नये, हेही मुलांच्या कानावर घाला.

त्यांना शिकवणाऱ्या बाई चाळिशीतल्या, दोन मुलांच्या आई. मी त्यांना सरळच विचारलं, “पोरगी पडली तर?”

त्या हसल्या नाहीत, की “काही होत नाही काकू” असंही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, “पडेलच. सगळे पडतात. पडल्यावर काय होतं, ते तुम्ही बघा.” आणि त्यांनी लेकीला पंधरा फुटांवरून हात सोडायला सांगितलं.

माझा श्वास थांबला. पोरगी जेमतेम दोनेक फूट खाली आली आणि दोरावर अलगद झुलत राहिली. खाली उभ्या असलेल्या मुलानं दोर धरला होता, पण नुसता हातानं नव्हे. कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या एका छोट्याशा साधनातून दोर घेतलेला होता आणि झटका बसताच तिथं तो आवळला गेला. याला ती मंडळी ‘बिले’ देणं म्हणतात. चढणाऱ्याचा जीव या खालच्या माणसाच्या हाती असतो. त्यानं त्या वेळी मोबाइल बघायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत, दोरावरचा हात सोडायचा नाही.

मग बाईंनी मला दोर दाखवला. आपल्या कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा नव्हे. आत नायलॉनच्या बारीक धाग्यांचा गाभा आणि वरून विणलेलं कवच. चढाईचा दोर थोडा ताणला जातो, त्यामुळे पडणाऱ्याच्या कमरेला एकदम हिसका बसत नाही. दुसऱ्या जातीचा, न ताणला जाणारा दोर असतो. तो उतरायला किंवा सामान ओढायला ठीक, पण पहिल्या चढणाऱ्यानं तो वापरणं धोक्याचं.

पहिला चढणारा म्हणजे सगळ्यांत पुढचा. त्याला वरून दोर नसतो. तो जाता जाता कातळात ठोकलेल्या बोल्टला किंवा भेगेत बसवलेल्या मेखेला दोर अडकवत जातो. शेवटच्या बोल्टपासून तो दहा फूट वर गेला आणि हात सुटला, तर दहा फूट नव्हे, वीस फूट खाली येतो. वर दोराचा ताण धरला तर आणखी थोडा. हे मला कळलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो हाच, “माझी मुलगी पहिली जाणार का?” उत्तर मिळालं, “नाही. तिला वरून दोर असेल. पहिलं जायला तिला अजून दोन वर्षं आहेत.” माझ्या पोटातला गोळा थोडा विरघळला.

घरी येऊन रात्री लेकीनं मला आठाची गाठ शिकवली. मी तिसऱ्या खेपेला बरोबर बांधली!

हे विचारून घ्याच

आता कागद-पेन्सिल घ्या, बरं का. पोर कुणाबरोबर जातंय, तेवढंच विचारून भागत नाही.

म्होरक्या कोण, आणि त्याचं शिक्षण काय? उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनाली इथं सरकारी गिर्यारोहण संस्था आहेत. तिथले प्राथमिक आणि पुढचे अभ्यासक्रम केलेली माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्याशिवाय तो हाच सुळका आधी चढलाय का, हे विचारा. राज्य सरकारनं 2021 साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. पैसे घेऊन नेणारा गट असेल, तर त्याची पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. भाजी घेताना आपण दहा प्रश्न विचारतो!

सोबत किती माणसं? दोर एक नि माणसं चाळीस असतील, तर पोर तासन् तास कातळावर उन्हात लटकत बसणार. दमलेल्या, तहानलेल्या माणसाच्याच हातून चुका होतात.

दोर किती जुना? उन्हानं आणि घासून दोर म्हातारा होतो. कातळातले बोल्टही पावसाळ्यागणिक गंजतात. कुणी कधी ठोकले ते माहीत नसलेल्या एकाच बोल्टवर भार टाकणार असतील, तर नको म्हणा. दोन-तीन आधारांना मिळून दोर बांधायला हवा.

उतरायचं कसं? अपघात चढतानाच होतात असं आपल्याला वाटतं. पण माथा झाला की माणूस सैलावतो आणि उतरताना चुकतो. दोरावरून घसरत उतरताना दोराच्या खालच्या टोकाला गाठ मारलेली असलीच पाहिजे. गाठ नसेल तर दोर संपल्याचं लक्षात न येता माणूस टोकावरून सुटतो. मुलीला विचारा, “टोकाला गाठ मारता ना?” तिला वाटेल आईला सगळं कळतं.

परतायची वेळ ठरली आहे का? हा सगळ्यांत मोठा प्रश्न. “इतके वाजले की जिथं असू तिथून मागं” असं निघण्याआधीच ठरलेलं असावं.

काही झालं तर कुणाला कळवणार? महाराष्ट्रात गिर्यारोहकांच्या बचाव-पथकांना एकत्र बोलावणारं समन्वय केंद्र आहे. त्याचा नंबर म्होरक्याकडे असावा आणि तुमच्या फ्रिजवरही चिकटवलेला असावा. गावातल्या कुणा ओळखीच्या माणसाला गटाची यादी दिलेली असावी.

आपल्या हातातली तयारी

पाणी माणशी निदान चार लिटर. सुळक्यावरच्या टाक्यातलं पाणी पिण्याजोगं असेलच असं नाही. लिंबू, साखर, मीठ पुडीत द्या. डब्यात ओली भाजी नको. दशम्या, गुळाची चिक्की, खजूर, शेंगदाणे उत्तम. पूर्ण बाह्यांचा सदरा, घट्ट न बसणारी पँट.

केस मोकळे मुळीच नकोत! उतरताना दोर ज्या साधनातून सरकतो त्यात केसांची बट किंवा ओढणी अडकली तर सुटता सुटत नाही. घट्ट वेणी घालून ती सदऱ्याच्या आत खोचायची. अंगठ्या, बांगड्या घरी ठेवायच्या. अंगठी कपारीत अडकली आणि शरीराचा भार आला तर बोट जायबंदी होतं. नखं कापलेली असावीत. सेंट, अत्तर, सुगंधी पावडर वर्ज्य, कारण सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात आणि वासानं, धुरानं, आरडाओरड्यानं त्या माशा उठतात. पाळीचे दिवस येणार असतील तर मुलीनं आधीच तशी तयारी ठेवावी, कापड किंवा पॅड आणि वापरलेलं परत आणायला बंद पिशवी. यात लपवण्यासारखं काही नाही. कमरेचा पट्टा लावून सहा-सहा तास काढायचे असतात; त्रास होत असेल तर “या खेपेला नको” म्हणायची मोकळीक तिला घरातूनच मिळायला हवी.

आणि ऋतू? सुळके चढायचे ते पावसाळ्यानंतर कातळ सुकल्यावर, थंडीच्या महिन्यांत. पावसात शेवाळलेल्या कातळावर जाऊ म्हणणाऱ्या गटाला सरळ नकार द्या.

ती रात्र

जानेवारीतल्या एका शुक्रवारी रात्री लेक निघाली. शनिवारी रात्री मोहरीत मुक्काम, रविवारी पहाटे अंधारात निघायचं, असा बेत. शनिवारी संध्याकाळी “पोचलो, आता रेंज नाही” एवढा निरोप आला आणि मग सगळं सामसूम.

रविवार काही केल्या सरेना. मी कपाट आवरलं, डबे घासले, दळण काढलं. त्या दिवशी मला जुन्को ताबेई या जपानी बाईंची आठवण येत होती. त्यांच्याविषयी मी नुकतंच वाचलं होतं. 16 मे 1975 रोजी एव्हरेस्टवर पोचलेल्या त्या जगातल्या पहिल्या स्त्री. तेव्हा पस्तीस वर्षांच्या, आणि घरी लहान मुलगी. “मुलं सांभाळायची सोडून हे काय?” असं त्यांनाही लोकांनी ऐकवलंच. पैसे पुरेनात म्हणून त्यांच्या गटातल्या बायकांनी मोटारीच्या सीटच्या जुन्या कव्हरांतून पिशव्या आणि हातमोजे शिवले. शिखराच्या बारा दिवस आधी हिमलोटात त्या गाडल्या गेल्या, सोबत्यांनी ओढून काढलं, तरी पुढं गेल्या. मग 1984 साली आपल्या बचेंद्री पाल एव्हरेस्टवर पोचल्या, आणि 2021 साली साताऱ्याची प्रियांका मोहिते अन्नपूर्णेवर गेली, ते शिखर गाठणारी पहिली भारतीय स्त्री. या सगळ्यांच्या घरीही कुणीतरी दळण काढत बसलंच असेल, असं माझ्या मनात येत होतं.

रात्री नऊला फोन वाजला. “आई, खाली आलो. सगळे ठीक. पण माथा नाही झाला.”

झालं होतं असं, की पुढं एक मोठा गट दोरावर खोळंबला होता. हे लोक गुहेपर्यंत पोचले, तिथून थोडे वर गेले आणि बारा वाजले. बारा ही ठरलेली वेळ. माथा दिसत होता. दोन मुलं म्हणाली, “अजून तासाभराचं काम आहे, जाऊ या.” बाईंनी घड्याळ दाखवलं आणि सगळ्यांना मागं फिरवलं. अंधार पडायच्या आत सगळे नाळ चढून वर आले होते.

मध्यरात्रीनंतर लेक घरी आली. तळवे सोलवटलेले, तोंड उतरलेलं. पिठलं-भात वाढला तर म्हणाली, “एवढ्या लांब जाऊन काहीच नाही झालं गं.” मी तिला काही समजावत बसले नाही. फक्त म्हटलं, “त्या बाईंबरोबर तुला कुठंही जायचं असेल, तर आता मला विचारू नकोस, नुसतं सांग.”

फेब्रुवारीत ते पुन्हा गेले आणि दहा वाजताच माथ्यावर होते. तिथून काढलेला, मागं रायगड असलेला तिचा फोटो सासूबाईंनी देवघराशेजारी लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच सांगतात, “आमची नात हो!” मला मात्र अजून त्या पहिल्या खेपेचंच जास्त कौतुक वाटतं.

आणि तुम्ही?

तेव्हा मैत्रिणींनो, पोरानं विचारलं की लगेच “नाही” म्हणू नका. आणि भांडण नको म्हणून डोळे मिटून “हो”ही म्हणू नका. आधी त्यांच्याबरोबर एकदा सरावाला जा, दोर हातात घेऊन पाहा, वरचे प्रश्न विचारा. उत्तरं नीट मिळाली नाहीत तर तुमचा नकार पोरालाही पटेल, आणि मिळाली तर तुमची काळजी निम्मी होईल. उरलेली निम्मी आपल्याकडेच राहायची, ती काही कुठल्या दोरानं जात नाही.

आणि एक सुचवते. येत्या रविवारी दुपारची झोप टाळून अंधेरीला जा. रेल्वेचं तिकीट काय, रिक्षाचं भाडं काय, फार खर्च नाही. गिल्बर्ट हिलच्या पायऱ्या सावकाश चढा, गावदेवीला नमस्कार करा आणि उतरताना त्या काळ्या कातळावर क्षणभर तळहात टेकवा. दुपारच्या उन्हानं तो तव्यासारखा तापलेला असेल. पोरं काय धरून चढतात, ते हाताला कळेल.